उष्णतेचा हिशेब मांडणारा लाव्हाझिए

पॅरिसमध्ये १७८२-८३ च्या हिवाळ्यात दोन शास्त्रज्ञ हवामानाकडे डोळे लावून बसले होते. त्यांना थंडी हवी होती, पण बेताची. पारा शून्याच्या फार खाली गेला तर प्रयोगातला बर्फ गरजेपेक्षा जास्त गार होई आणि वितळलेले पाणी यंत्रातच पुन्हा गोठण्याची भीती असे. हवा उबदार झाली तर बाहेरची ऊब आत शिरून सगळे गणित बिघडवी. त्या मोजक्या अनुकूल दिवसांत त्यांनी कोळसा, फॉस्फरस असे पदार्थ बर्फाच्या पोटात जाळले आणि खाली ठिबकणारे पाणी भांड्यात धरून ते तोलले.

त्यांतील एक होता गणिती पिएर-सिमाँ लाप्लास आणि दुसरा आंत्वान लॉराँ लाव्हाझिए. एखादा पदार्थ किती जाळला म्हणजे किती उष्णता निघते, हा प्रश्न आज शाळेतील मुलालाही अवघड वाटत नाही. दुप्पट कोळसा जाळला तर दुप्पट उष्णता मिळणार, हे उत्तर सहज तोंडी येते. परंतु उष्णता ही मोजता येणारी राशी आहे, तिलाही परिमाण असते, हेच ज्या काळात स्पष्ट नव्हते त्या काळात हे उत्तर सिद्ध करणे सोपे नव्हते. लाव्हाझिएने ते काम तराजूच्या साहाय्याने केले. त्याचे सारे आयुष्यच जमाखर्चाचे होते. प्रयोगशाळेत तो पदार्थांचा हिशेब ठेवी, कचेरीत करांचा. पहिल्या हिशेबाने त्याला अमर केले, तर दुसऱ्याने त्याचा बळी घेतला.

वकिलाचा मुलगा

लाव्हाझिएचा जन्म २६ ऑगस्ट १७४३ रोजी पॅरिसमध्ये एका सधन वकिलाच्या घरी झाला. तो पाच वर्षांचा असताना आई वारली. शहरातील नामांकित माझारँ महाविद्यालयात त्याचे शिक्षण झाले. घराण्याच्या रीतीप्रमाणे त्याने कायद्याची पदवी घेतली. मात्र वकिली कधी केली नाही. खगोल, वनस्पती, भूगर्भ आणि रसायन या विषयांनी त्याला ओढून घेतले होते.

त्याच्या नावाची पहिली सार्वजनिक नोंद झाली तीही जळणाऱ्या वस्तूच्याच निमित्ताने. पॅरिसच्या रस्त्यांवर रात्री दिवाबत्ती कशी करावी, या विषयावर फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने निबंध मागवले होते. कोणते तेल, कोणती वात, कोणत्या आकाराचा कंदील वापरला म्हणजे कमी खर्चात जास्त उजेड पडेल, याचा बारकाईने अभ्यास करून लाव्हाझिएने निबंध सादर केला. १७६६ मध्ये त्याला राजाकडून सुवर्णपदक मिळाले. त्या वेळी तो अवघा बावीस वर्षांचा होता. दोनच वर्षांनी, १७६८ मध्ये, अकादमीने त्याला सदस्य करून घेतले.

त्याच वर्षी त्याने आणखी एक निर्णय घेतला. फेर्म जेनेराल या खासगी मंडळीत त्याने भागीदारी विकत घेतली. मीठ, तंबाखू आणि शहरात येणारा माल यांवरील कर राजाच्या वतीने वसूल करण्याचा मक्ता या मंडळीकडे होता. राजाला ठरलेली रक्कम द्यायची आणि वरची वसुली आपल्याकडे ठेवायची, अशी ती व्यवस्था होती. जनतेच्या मनात या मक्तेदारांविषयी संताप खदखदत असे. लाव्हाझिएला मात्र तो उत्पन्नाचा खात्रीचा मार्ग वाटला. त्या उत्पन्नातील मोठा वाटा पुढे प्रयोगशाळेवर खर्च झाला. युरोपातील उत्तमोत्तम तराजू त्याने कुशल कारागिरांकडून बनवून घेतले.

फेर्ममधील वरिष्ठ भागीदार जाक पोल्झ यांची कन्या मारी-आन हिच्याशी १७७१ मध्ये त्याचा विवाह झाला. तो अठ्ठावीस वर्षांचा, ती तेरा वर्षांची. मारी-आन पुढे त्याच्या प्रयोगशाळेचा आधारस्तंभ झाली. ती इंग्रजी शिकली आणि इंग्रजीतील रसायनविषयक लेखन तिने पतीसाठी फ्रेंचमध्ये आणले. प्रयोगांच्या नोंदी तिच्या हातच्या असत. यंत्रांच्या आकृत्याही तीच काढी. सकाळी सहा ते नऊ आणि सायंकाळी सात ते दहा हा वेळ लाव्हाझिएने विज्ञानासाठी राखून ठेवला होता. मधला दिवस कचेरीचा. आठवड्यातील एक पूर्ण दिवस मात्र प्रयोगशाळेचाच असे.

राखेचे वजन

त्या काळी ज्वलनाचे स्पष्टीकरण फ्लॉजिस्टनच्या कल्पनेने दिले जाई. जळणाऱ्या प्रत्येक पदार्थात फ्लॉजिस्टन नावाचे काहीतरी असते आणि जळताना ते बाहेर पडते, अशी ही समजूत होती. लाकूड जळून मूठभर राख उरते हे पाहणाऱ्याला ती पटणारीही होती. अडचण एकच होती. धातू हवेत तापवले की त्यांचे वजन घटण्याऐवजी वाढत असे. काहीतरी बाहेर गेले तर वजन वाढावे कसे?

लाव्हाझिएने हा प्रश्न तराजूवर ठेवला. गंधक आणि फॉस्फरस जाळल्यावर त्यांचेही वजन वाढते, हे १७७२ मध्ये त्याच्या ध्यानात आले. त्याचे महत्त्व ओळखून त्याने १ नोव्हेंबर १७७२ रोजी ही नोंद मोहोरबंद पाकिटात अकादमीच्या स्वाधीन केली. त्यानंतर त्याने कथील बंद काचपात्रात तापवले. पात्र न उघडता तोलले तर वजनात काही फरक पडलेला नव्हता. पात्र उघडताच बाहेरची हवा आत शिरली आणि वजन वाढले. धातूने हवेचा काही भाग शोषून घेतला होता, हे उघड होते.

हा भाग कोणता, याचा धागा त्याला इंग्लंडच्या जोसेफ प्रीस्टलीकडून मिळाला. १७७४ च्या ऑक्टोबरात प्रीस्टली पॅरिसला आला असता त्याने आपल्याला मिळालेल्या एका नव्या वायूची हकिकत सांगितली. त्या वायूत मेणबत्ती विलक्षण तेजाने जळत असे. स्वीडनच्या कार्ल शेलेनेही तो वायू स्वतंत्रपणे मिळवला होता. प्रीस्टली अखेरपर्यंत फ्लॉजिस्टनला चिकटून राहिला. लाव्हाझिएला मात्र त्या वायूत ज्वलनाचे मर्म दिसले. त्याने पारा बारा दिवस सतत तापवत ठेवला. पाऱ्यावर लाल थर जमला आणि पात्रातील हवा कमी झाली. तो थर वेगळा काढून अधिक तापवल्यावर पारा परत मिळाला आणि जेवढी हवा नाहीशी झाली होती जवळपास तेवढाच वायू बाहेर पडला. या वायूला त्याने ऑक्सिजन हे नाव दिले.

ज्वलन म्हणजे ऑक्सिजनशी संयोग, हे ठरल्यावर प्रमाणाचा प्रश्न पुढे आला. ऑक्सिजन हवा तेवढा कुठल्याही पदार्थात मिसळत नाही. २८ भाग कोळशाला ७२ भाग ऑक्सिजन लागतो आणि त्यातून १०० भाग कर्बवायू तयार होतो, असे त्याच्या मोजणीत निघाले. आजचे आकडे २७.३ आणि ७२.७ असे आहेत. म्हणजे पदार्थाचा हिशेब जवळजवळ पुरा झाला होता. राहिली होती ती ज्वलनात बाहेर पडणारी उष्णता. तिला ना रंग, ना वजन. ती तोलायची कशी?

बर्फाचा तराजू

तापमापक होता, पण तापमापकाने प्रश्न सुटत नव्हता. तापमापक वस्तू किती गरम आहे ते सांगतो. तिच्यातून एकूण किती उष्णता निघाली ते सांगत नाही. एका समईची ज्योत आणि दहा समयांच्या ज्योती यांचे तापमान सारखेच असते. परंतु दहा समयांनी खोलीला दिलेली ऊब दसपट असते. तापमान आणि उष्णता यांतील हा भेद स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने दाखवून दिला होता. बर्फ वितळत असताना त्याला कितीही उष्णता दिली तरी सगळा बर्फ वितळेपर्यंत त्याचे तापमान शून्यावरच राहते, हेही ब्लॅकने सांगितले होते. हीच ती सुप्त उष्णता.

लाप्लास आणि लाव्हाझिए यांनी याच गुणाचा मोजपट्टीसारखा उपयोग केला. ठराविक वजनाचा बर्फ वितळायला ठराविक उष्णता लागते. मग किती बर्फ वितळला हे तोलले की किती उष्णता निघाली ते कळलेच. यासाठी त्यांनी एकात एक बसणाऱ्या तीन कप्प्यांचे धातूचे भांडे तयार करून घेतले. सर्वांत आत तारेची जाळी, तीत प्रयोगाचा पदार्थ. तिच्याभोवती मोजणीचा बर्फ. त्याच्याही बाहेर बर्फाचा आणखी एक थर. बाहेरच्या हवेची ऊब हा बाहेरचा थर झेलत असे आणि त्याचे पाणी वेगळ्या तोटीने निघून जाई. त्यामुळे मधल्या कप्प्यातून जे पाणी ठिबके ते केवळ आतल्या पदार्थाच्या उष्णतेने वितळलेले असे. या यंत्राला लाव्हाझिएने पुढे कॅलरीमीटर असे नाव दिले.

१८ जून १७८३ रोजी दोघांनी उष्णतेवरील आपला प्रबंध अकादमीपुढे वाचला. या आणि नंतरच्या प्रयोगांचे आकडे लाव्हाझिएने १७८९ मधील आपल्या रसायनशास्त्रावरील ग्रंथात एकत्र दिले. एक पौंड कोळसा जाळला तर साडेशहाण्णव पौंड बर्फ वितळतो. एक पौंड फॉस्फरसने शंभर पौंड, मेणाने सुमारे १३३ पौंड, ऑलिव्ह तेलाने सुमारे १४९ पौंड आणि हायड्रोजनने तब्बल २९५ पौंडांहून अधिक. तरुणपणी रस्त्यावरच्या दिव्यांसाठी तेलाचा हिशेब करणाऱ्या लाव्हाझिएला आता तेलातील उष्णतेचाही आकडा मिळाला होता.

या आकड्यांतून दोन गोष्टी पक्क्या झाल्या. पहिली, प्रत्येक पदार्थाला स्वतःचा असा उष्णतेचा दर आहे. दुसरी, एकूण उष्णता म्हणजे हा दर गुणिले पदार्थाचे वजन. अर्धा पौंड कोळशाने सव्वाअठ्ठेचाळीस पौंड बर्फ वितळेल, दोन पौंडांनी १९३ पौंड. अट इतकीच की पदार्थ पूर्ण जळला पाहिजे आणि त्यासाठी पुरेसा ऑक्सिजन मिळाला पाहिजे. हवा अपुरी पडली तर कोळसा कितीही टाकला तरी उष्णता वाढत नाही, केवळ धूर वाढतो. जो घटक आधी संपतो तो उष्णतेची मर्यादा ठरवतो.

हे आकडे सगळेच अचूक नव्हते. आजच्या मोजणीने एक किलो शुद्ध कार्बन जाळल्यास सुमारे ९८ किलो बर्फ वितळतो. म्हणजे कोळशाचा आकडा थक्क करण्याइतका जवळ होता. हायड्रोजनचा आजचा आकडा मात्र सुमारे ४२५ आहे, लाव्हाझिएचा त्यापेक्षा फारच कमी. फॉस्फरसचा त्याचा आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त होता. वितळलेले थोडे पाणी बर्फाच्या चुऱ्यातच अडकून राहते, हा यंत्राचा दोष इंग्लंडच्या जोसाया वेजवुडने लवकरच दाखवून दिला. पण चूक दाखवता यावी इतका नेमका आकडा समोर ठेवला गेला, हेच मोठे पाऊल होते.

गिनीपिगची शेगडी

त्याच यंत्रात एकदा कोळशाऐवजी गिनीपिग हा छोटा प्राणी ठेवण्यात आला. श्वासासाठी हवा मिळेल अशी सोय केली होती. दहा तासांत त्याच्या अंगच्या उबेने १३ औंस बर्फ वितळला. तो प्राणी तेवढ्याच वेळात किती कर्बवायू बाहेर टाकतो, हे वेगळ्या प्रयोगात मोजले होते. तेवढा कर्बवायू तयार होईल इतका कोळसा जाळला असता तर सुमारे साडेदहा औंस बर्फ वितळला असता. दोन्ही आकडे जुळले नाहीत. तरी ते इतके जवळ होते की त्यामागील अर्थ लपून राहिला नाही. श्वसन हे संथ ज्वलन आहे. शेगडीत जे घडते तेच, ज्योतीवाचून, प्राण्याच्या शरीरात घडते. पुढे आर्मां सेग्यँ या सहकाऱ्याच्या मदतीने लाव्हाझिएने माणसावरही प्रयोग केले. श्रम करताना माणसाला अधिक ऑक्सिजन लागतो, हे त्यातून दिसले. अंगमेहनत करणाऱ्या गरिबाला जास्त अन्न लागते आणि नेमके त्यालाच ते कमी मिळते, या विसंगतीकडेही त्याने लक्ष वेधले.

बारूद आणि कर

ज्वलनाचे हे ज्ञान प्रयोगशाळेपुरते राहिले नाही. १७७५ मध्ये राजाने बारुदीच्या कारखान्यांच्या देखरेखीसाठी जे चौघे नेमले त्यांत लाव्हाझिए होता. त्याचे बिऱ्हाड आणि प्रयोगशाळा पॅरिसच्या आर्सनल या शस्त्रागाराच्या परिसरात आली. त्याच्या कारभारात फ्रेंच बारुदीचा दर्जा आणि उत्पादन दोन्ही वाढले. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ती बारूद वापरली गेली. मात्र ज्वलनावर हुकमत मिळवण्याची किंमतही मोजावी लागे. १७८८ मध्ये एसोन येथे नव्या प्रकारच्या बारुदीची चाचणी सुरू असताना स्फोट होऊन दोघांचा मृत्यू झाला. लाव्हाझिए पती-पत्नी थोडक्यात बचावले.

दुसरीकडे फेर्मचा कारभार सुरूच होता. शहरात चोरून येणाऱ्या मालावर कर बसावा म्हणून पॅरिसभोवती भिंत घालण्याची कल्पना लाव्हाझिएचीच. १७८४ पासून ती बांधली जाऊ लागली आणि पॅरिसकर चिडले. जुलै १७८९ मध्ये बास्तीयचा तुरुंग पडण्याच्या आदल्या दिवसांत जमावाने या भिंतीची नाकी पेटवून दिली. ज्याँ-पॉल मारा या पत्रकाराचा लाव्हाझिएवर जुना राग होता. माराचे अग्नीविषयीचे संशोधन अकादमीत मान्यता मिळवू शकले नव्हते आणि त्यात लाव्हाझिएचा वाटा होता. क्रांतीनंतर माराने आपल्या पत्रातून त्याच्यावर कठोर टीका केली.

लाव्हाझिए क्रांतीचा शत्रू नव्हता. करपद्धती सुधारावी, तुरुंग आणि रुग्णालये माणसांना राहण्याजोगी व्हावीत, यासाठी त्याने अहवाल लिहिले होते. देशभर एकच वजन-माप असावे यासाठी नेमलेल्या समितीत त्याने काम केले. आज जगभर वापरली जाणारी मेट्रिक पद्धत त्याच प्रयत्नांतून आली. पण काळ बदलला होता. ऑगस्ट १७९३ मध्ये अकादमीच बरखास्त झाली. नोव्हेंबरात फेर्मच्या जुन्या भागीदारांना पकडण्याचा हुकूम निघाला. लाव्हाझिए काही दिवस लपून राहिला आणि २८ नोव्हेंबरला सासऱ्यासह स्वतःहून हजर झाला.

आरोप हिशेबाचेच होते. फेर्मने सरकारी पैसा दडपला, जादा व्याज घेतले, तंबाखूत पाणी घालून वजन वाढवले, असे त्यांचे स्वरूप होते. वजनातील फरकावर ज्याने नवे रसायनशास्त्र उभे केले त्याच्यावर वजनात खोट केल्याचा ठपका आला. प्रयोगशाळेत एका ग्रेनच्या फरकासाठी प्रयोग पुन्हा केला जाई. न्यायासनापुढे तसा अवधी नव्हता. ८ मे १७९४ रोजी खटला चालला आणि त्याच दिवशी संपला. लाव्हाझिए, त्याचा सासरा पोल्झ आणि इतर मिळून अठ्ठावीस जणांना गिलोटीनवर चढवण्यात आले. लाव्हाझिए तेव्हा पन्नास वर्षांचा होता. तीन महिनेही उलटले नाहीत तोच रोबेस्पिएरची सत्ता कोसळली आणि ते दहशतीचे पर्व संपले.

उरलेला हिशेब

मारी-आनने एकाच दिवशी पती आणि पिता दोघेही गमावले. पुढे तिलाही अटक झाली. सुटका झाल्यावर तिने जप्त झालेली मालमत्ता, वह्या आणि उपकरणे परत मिळवली आणि पतीचे अखेरचे लेखन प्रसिद्ध केले. १८०५ मध्ये तिने काउंट रम्फर्डशी विवाह केला. हा विवाह फार काळ टिकला नाही. विज्ञानाच्या इतिहासात मात्र त्याला वेगळाच अर्थ आहे. उष्णता म्हणजे कॅलॉरिक नावाचा वजनरहित द्रव असून ज्वलनात तो ऑक्सिजन वायूतून मुक्त होतो, असे लाव्हाझिए मानत असे. आपल्या मूलद्रव्यांच्या यादीत त्याने कॅलॉरिकला स्थान दिले होते. तोफांच्या नळ्या कोरताना घर्षणाने अखंड उष्णता निघते, हे दाखवून या कल्पनेला पहिला मोठा तडा दिला तो रम्फर्डनेच.

कॅलॉरिक गेले, आकडे राहिले. उष्णता म्हणजे काय, याविषयी लाव्हाझिए चुकला, परंतु ती किती, हे विचारण्याची त्याची रीत अचूक होती. एखादे संयुग तयार होताना जितकी उष्णता निघते तितकीच ते मोडताना लागते, हे त्याने आणि लाप्लासने १७८३ मध्येच मांडले होते. त्याच वाटेने १८४० मध्ये रशियातील जर्मेन हेसने आपला सुप्रसिद्ध नियम सांगितला. पुढे मार्सलँ बर्तेलोने पोलादी भांड्यात दाबाखालील ऑक्सिजन भरून पदार्थ पूर्ण जाळण्याची पद्धत आणली आणि इंधनाची उष्णता नेमकेपणाने मोजता येऊ लागली.

आज बिस्किटाच्या पुड्यावर शंभर ग्रॅममागे किती कॅलरी हे छापलेले असते. वीज केंद्रात येणाऱ्या कोळशाची प्रत त्याच्या किलोमागच्या उष्णतेवरून ठरते. स्वयंपाकाच्या गॅसचे सिलिंडर आपण वजनावर घेतो, कारण वजन कळले की त्यातून मिळणारी उष्णता कळते. या प्रत्येक व्यवहारामागे पदार्थाचे प्रमाण आणि उष्णता यांचे तेच साधे नाते आहे.

लाव्हाझिएचे नाव आयफेल टॉवरवर कोरलेल्या बहात्तर नावांमध्ये आहे. ज्या भांड्यांत त्याने आणि लाप्लासने बर्फ वितळवला ती पॅरिसच्या कला आणि तंत्र संग्रहालयात जपून ठेवली आहेत. दिसायला ती तोटी बसवलेल्या साध्या पिंपांसारखीच आहेत. त्यांतून ठिबकलेल्या पाण्याने उष्णतेला पहिल्यांदा वजन-मापाच्या जगात आणले. तो हिशेब दोनशे वर्षांहून अधिक काळ पुन्हा पुन्हा तपासला गेला, जिथे चुकला तिथे सुधारला गेला आणि म्हणूनच टिकला. ८ मे १७९४ च्या निकालाला मात्र फेरतपासणीची संधीच ठेवली नव्हती.